एका बाजूला की दोन्ही? कान-नाक-घशाच्या तक्रारी ओळखण्याची रीत

कान, नाक आणि घसा यांचा बराचसा भाग आरशात दिसत नाही. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, तीही वळणाची. नाकाची पोकळी थेट टाळूच्या वरून मागे जाते आणि स्वरयंत्र जिभेच्या मुळाच्याही खाली असतं. त्यामुळे घरी बसून बघण्यापेक्षा विचारून जास्त कळतं. विचारायचे प्रश्न चार: किती दिवस झाले? एका बाजूला आहे की दोन्ही? कशाने वाढतं? आणि सोबत आणखी काय होतंय?

यातला दुसरा प्रश्न घरात क्वचितच कुणी विचारतं, आणि उपयोग त्याचाच सर्वांत जास्त. सर्दी, ॲलर्जी, विषाणूमुळे धरलेला घसा, वयामुळे कमी झालेलं ऐकू येणं या तक्रारी बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या असतात. एकच नाकपुडी चोंदते, एकाच कानाने ऐकू येईनासं होतं, एकच टॉन्सिल मोठा दिसतो, तेव्हा त्या जागी काहीतरी वेगळं चाललेलं असू शकतं. दरवेळी ते गंभीर असतं असं नाही. मळ किंवा साधा ठणकाही एकाच कानात होतो. पण एका बाजूची तक्रार दोन-तीन आठवडे टिकली, तर कारण सापडेपर्यंत ती सोडायची नाही.

बघायचं असेल तर असं बघा

मोबाइलचा टॉर्च पुरतो. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते. लहान बाळाची मागे आणि किंचित खाली ओढावी लागते. पडदा घरी दिसणार नाही. नळीच्या तोंडाशी सूज, पू, बुरशी किंवा मळ दिसला तरी पुरे. घसा बघताना जीभ बाहेर काढायला सांगू नका. ती तोंडातच सैल ठेवून ‘आ’ म्हणायला सांगा, पडजीभ वर उचलली जाते. दोन्ही टॉन्सिल सारखे आहेत का, पांढरे ठिपके आहेत का, पडजीभ मधोमध आहे का, एवढंच पाहा. बाजारात मिळणारे कॅमेरावाले कानकोरणे मात्र घेऊ नका. त्यांनी पडद्याला इजा होऊ शकते आणि मळ आत ढकलला जातो, तो वेगळाच.

कान दुखतोय

कानाच्या भोकासमोर गालाच्या बाजूला कूर्चेचा छोटा उंचवटा असतो. तो बोटाने दाबा, मग पाळी धरून हलवा. कळ आली तर दुखणं बहुतेक बाहेरच्या नळीत आहे: पोहून आल्यावर, पिन-काडी फिरवल्यावर किंवा नळीत फोड आल्यावर असं होतं. दाबून काही वाटत नसेल आणि आत खोलवर ठणका असेल, तर पडद्यामागचा मध्यकर्ण बघावा लागतो.

मध्यकर्णाच्या दुखण्याची कथा ठरलेली असते. पोराला दोन-तीन दिवस सर्दी, दिवसभर बरं, आणि मध्यरात्री ते कान धरून किंचाळत उठतं. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दीचा संसर्ग तिथून सहज वर चढतो. कधी पहाटे कानातून पू किंवा रक्तमिश्रित पाणी येतं आणि दुखणं एकदम थांबतं. आईवडील ‘कान फुटला’ म्हणून घाबरतात. दाबामुळे पडद्याला बारीक भोक पडलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते आपोआप भरून येतं. तरीही कान दाखवायला हवा, आणि पडदा भरला की नाही हे काही आठवड्यांनी पुन्हा पाहायला हवं.

त्या रात्री करायचं काय? पॅरासिटामॉल द्या: वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर औषध देत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. मुलाला उशी थोडी उंच द्या. कानात काही घालू नका, कोमट लसणीचं तेलही नाही. दोन वर्षांवरच्या मुलाचा ताप आणि दुखणं बेताचं असेल, तर डॉक्टर दोन-तीन दिवस वाट पाहून मग अँटिबायोटिकचं ठरवतात. डॉक्टरांनी लगेच औषध लिहिलं नाही म्हणून नाराज होण्याचं कारण नाही.

कान दुखतो, पण कान तपासला तर स्वच्छ, असंही होतं. अक्कलदाढ, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, घसा यांचं दुखणं कानात जाणवतं, कारण त्यांच्या संवेदना वाहणाऱ्या काही नसा कानाशीही जोडलेल्या असतात. तंबाखू, गुटखा किंवा विडी-सिगारेटची सवय असलेल्या माणसाचा एकच कान आठवडे दुखत असेल आणि कानात काही सापडत नसेल, तर जिभेचं मूळ आणि घशाचा खालचा भाग दुर्बिणीने पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

आणखी एक सूचना मधुमेह असलेल्या वयस्कर माणसांसाठी. रात्री झोपू न देणारी कानदुखी, थोडासा स्राव, थेंबांनी आठवड्यात उतार नाही, असं चित्र असेल तर संसर्ग नळीतून कवटीच्या हाडात उतरत असू शकतो. चेहऱ्याची एक बाजू सैल पडली तर तासही घालवू नका.

कान वाहतोय

इथे नाक वापरा. सर्दी झाली किंवा कानात पाणी गेलं की भरपूर, चिकट, तार सुटणारा आणि फारसा वास नसलेला स्राव येतो, मग महिनोन्‌महिने कान कोरडा राहतो. असा कान बहुधा पडद्याला मधोमध भोक असलेला असतो. त्रास लांबतो, ऐकू कमी येतं, पण जिवाला धोका क्वचितच. याउलट थोडासाच स्राव, त्याला सडका वास, अधूनमधून रक्त, आणि कान कधी पुरता सुकतच नाही, असं असेल तर पडद्याच्या वरच्या-मागच्या भागात त्वचेच्या थरांची पिशवी साठत असू शकते. तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. कर्करोग नव्हे, पण शेजारचं हाड ती कुरतडत जाते: आधी ऐकण्याची हाडं, मग चेहऱ्याच्या नसेचं आवरण, समतोलाची नळी आणि शेवटी मेंदूभोवतीचं आवरण. यावर थेंबांचा उपाय नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. लवकर केली तर ऐकू येणं वाचण्याची शक्यता जास्त.

घाण वास मारणारा कान ‘लहानपणापासून वाहतोय’ म्हणून सोडून दिलेली माणसं गावोगाव दिसतात. दुखत नाही, म्हणून कुणी दाखवत नाही. वाहत्या कानासोबत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा कानामागे लाल दुखरी सूज आली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

कान वाहत असेपर्यंत तो कोरडा ठेवणं हाच अर्धा उपचार. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी बसवा, आंघोळ झाली की काढून टाका. विहीर, नदी, पोहण्याचा तलाव बंद. पडद्याला भोक असताना काही अँटिबायोटिक थेंब आतल्या कानाला अपाय करू शकतात, म्हणून मागच्या वेळची उरलेली बाटली वापरू नका.

खाज, दडे आणि मळ

पावसाळ्यात कानात अनावर खाज सुटली, कान भरल्यासारखा झाला, आणि नळीत पांढरट-करड्या थरावर काळे ठिपके दिसले, तर ती बुरशी. दमट हवा, ओला कान आणि तेल या तिन्हींवर ती पोसते. अँटिबायोटिक थेंब जास्त दिवस घातल्यानेही वाढते. डॉक्टरांनी नळी साफ करून दिली आणि बुरशीचे थेंब सांगितलेले दिवस पुरे घातले तर बरी होते. लोक थेंब चौथ्या दिवशी सोडतात आणि गणपतीत पुन्हा खाजवत बसतात.

बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडण्याची आपल्याकडची पद्धत थांबवायला हवी. कानाला तेलाची गरज नसते. नळीच्या बाहेरच्या भागात मळ तयार होतो, त्वचेसोबत आणि जबड्याच्या हालचालीने तो आपोआप बाहेर सरकतो. कापसाची काडी, हेअरपिन, दुचाकीची किल्ली यांनी तो निघत नाही, उलट पडद्यापाशी ठासला जातो. डोक्यावरून आंघोळ केल्यावर एकदम कानाला दडे बसले, दुखत मात्र नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा पाण्याने फुगलेल्या मळाची असते. पडद्याला भोक नाही याची खात्री असेल तरच मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस घाला आणि मग दवाखान्यात काढून घ्या. फुटपाथवर किंवा जत्रेत कान साफ करणाऱ्यांकडे जाऊ नका. त्यांची सळई एका कानातून दुसऱ्या कानात जाते.

ऐकू कमी येतंय

एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर आधी घरच्या घरी एक परीक्षा करा. तोंड मिटून ‘म्म्म्’ असा एकसारखा सूर लावा. सूर बंद वाटणाऱ्या कानाकडे मोठा ऐकू आला, तर अडचण बहुधा वाटेत आहे: मळ, पाणी, पडद्यामागचा द्रव. सूर चांगल्या कानाकडे गेला, तर आतला कान किंवा नस यांच्यात बिघाड असू शकतो, आणि मग घड्याळ चालू झालं असं समजा. तीन दिवसांच्या आत ऐकू येणं असं घसरलं तर ही तातडीची तक्रार आहे. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके गुणकारी. ‘सर्दीमुळे असेल, उतरेल’ म्हणत महिना गेला की फारसं काही करता येत नाही. दवाखान्यात हीच परीक्षा ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या चिमट्याने करतात आणि मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकू येण्याची मोजणी.

मुलांचं वेगळं. चार-पाच वर्षांचं मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर ऐकत नाही, शाळेतून ‘लक्ष नाही’ अशी चिठ्ठी येते, रात्री तोंड उघडं ठेवून घोरतं. कान दुखत नाही, ताप नाही. पडद्यामागे घट्ट द्रव साठल्याने असं होतं, बरेचदा नाकामागची ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे. मार खाणारी अशी मुलं कमी नाहीत. बहुतेकांत तीन महिन्यांत द्रव आपोआप ओसरतो. नाही ओसरला आणि ऐकू येणं कमीच राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट ही इवलीशी नळी बसवतात. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात असा द्रव साठला, तर नाकाच्या मागच्या भागाची दुर्बिणीने तपासणी हवीच, कारण तिथली गाठ मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड दाबू शकते.

नवजात बाळाची श्रवणचाचणी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात व्हावी, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असं जगभर मानलं जातं. चाचणीला ओएई म्हणतात, बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोहोचतो का याची चाचणी. ‘बाळ दार वाजलं की दचकतं’ हा पुरावा धरू नका. धक्का, हवा, कंप यांनीही ते दचकतं. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत या तपासण्या होतात.

आजी-आजोबांचं सांगणं असं असतं: ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं निसटतात आणि वाक्य तुटकं ऐकू येतं. त्यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर बसून, चेहरा दिसेल असं, जरा सावकाश बोला, आणि श्रवणयंत्र लवकर लावा. तिशीच्या बाईला गरोदरपणात किंवा नंतर दोन्ही कानांनी हळूहळू कमी ऐकू येऊ लागलं, आणि गोंगाटात उलट बरं ऐकू येतं असं ती म्हणाली, तर कानातलं शेवटचं हाड घट्ट बसल्याची शंका घ्यावी. ते शस्त्रक्रियेने सुधारतं.

खोली फिरते तेव्हा

कुशीवर वळताना, उठताना किंवा वरच्या फडताळातला डबा काढताना खोली गरकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते. चकरेचं हे सर्वांत सामान्य कारण. आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागेवरून सरकून अर्धवर्तुळाकार नळीत जातात. उपाय गोळ्यांचा नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे परत जागी आणतात, ते शिकलेल्या हाताने दहा मिनिटांत होतं. आपल्याकडे मात्र अशा चकरेला सर्रास ‘मानेचे मणके’ चिकटवले जातात आणि माणूस पट्टा बांधून महिनोन्‌महिने गोळ्या खातो.

वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारी चक्कर, सोबत एका कानात शिट्टी, भरल्यासारखं वाटणं आणि कमी-जास्त होणारं ऐकू येणं, हा मेनिएरचा आजार असू शकतो. सर्दीनंतर दिवसच्या दिवस खोली फिरत राहिली पण ऐकू येणं ठीक, तर समतोलाच्या नसेची सूज. चकरेसोबत जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा वाटला किंवा आधाराशिवाय बसताही येईना, तर तो कानाचा प्रश्न मानू नका. १०८ ला फोन करा.

नाक

सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. मधल्या दिवसांत शेंबूड पिवळा-हिरवा होतो, त्याचा अर्थ अँटिबायोटिक लागतं असा नाही. जिवाणूंच्या सायनसचा संशय तीन वेळा घ्यायचा: दहा दिवस झाले तरी उतार नाही, बरं वाटू लागलं आणि पुन्हा ताप-दुखणं उलटलं, किंवा सुरुवातीलाच तीन-चार दिवस मोठा ताप, घट्ट शेंबूड आणि चेहऱ्यावर ठणका. नाक मोकळं आहे, स्राव नाही, पण कपाळ दर महिन्याला दुखतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, अशा ‘सायनस’वाल्यांपैकी पुष्कळांना खरं तर अर्धशिशी असते. वर्षानुवर्षं वाफ घेण्यात त्यांचा वेळ जातो.

सलग सात-आठ शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांना आणि टाळूला खाज ही ॲलर्जीची ओळख. मुलं तळहाताने नाक वर घासत राहतात, त्याने नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघही पडते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकातला फवारा दिला तर तो मारण्याची रीत महत्त्वाची: मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढू नका, घशात उतरतो. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे फार.

उलट, नाक झटक्यात उघडणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन असे थेंब पाच दिवसांपुढे नकोत. त्यानंतर थेंबांमुळेच नाक चोंदतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि उशाशी बाटली ठेवल्याशिवाय झोप येत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं किंवा जलनेती चांगली, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे जे रुग्ण आढळले, त्यातला हा सूक्ष्मजीव दूषित पाण्यातून बहुधा नाकावाटे मेंदूत शिरतो.

मधला पडदा थोडाफार वाकडा असलेली माणसं पुष्कळ असतात. सीटी स्कॅनच्या कागदावर तो शब्द आला म्हणून शस्त्रक्रिया लागत नाही. तक्रार किती आहे त्यावर ठरतं. दोन्ही नाकपुड्या कायम बंद, वास येत नाही, आत सोललेल्या द्राक्षासारखे फिकट गोळे, सोबत दमा, तर ते पॉलिप. एकाच बाजूला गोळा असेल तर मात्र तुकडा तपासून घ्यायचा. अपवाद वयात येणाऱ्या मुलाचा: एकच नाकपुडी बंद आणि तिथूनच पुन्हा पुन्हा भळाभळा रक्त येत असेल, तर रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिचा तुकडा काढणं धोक्याचं. आधी स्कॅन.

मधुमेहींनी २०२१ चा अनुभव विसरू नये. कोरोनाच्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, डोळ्याभोवती सूज, दात अचानक हलणं, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग, यातलं एकही दिसलं तर साखर तपासा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हा आजार कोरोनाआधीही होता, आजही आहे.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकून झोपवायचं नाही. रक्त पोटात जातं आणि उलटी होते. पुढे वाकून बसवा, नाकाचा हाडाखालचा मऊ भाग अंगठा आणि बोटाने चिमटीत घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. सलग दहा मिनिटं, मधे सोडून बघायचं नाही. थांबलं नाही तर आणखी दहा. कांदा हुंगवण्याने वेळ जातो, बाकी काही नाही. मुलांत हे रक्त बहुधा मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं. कोरडा उन्हाळा आणि नाकात बोट घालण्याची सवय एवढं कारण पुरतं, आणि रात्री व्हॅसलीनचं बोट लावल्याने पुष्कळ फरक पडतो. वीस मिनिटांनंतरही न थांबणारं, घशात मागे ओघळणारं, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं असेल, तर रुग्णालय.

घसा आणि आवाज

खोकला, नाक गळणं आणि आवाज बसणं सोबत असेल तर घसा बहुतेक विषाणूंचा. मिठाची गुळणी, पाणी, पॅरासिटामॉल. खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी म्हणजे अवधाण आलंय, वय पाच ते पंधरा, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा विचार करायचा. त्याच्यामागून सांधेतापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध लिहिलं तर दहाही दिवस द्या.

घसा एकाच बाजूला दुखतो, तोंड उघडत नाही, लाळ गिळवत नाही, पडजीभ दुसरीकडे सरकलेली दिसते: टॉन्सिलशेजारी पू झाला आहे, तो काढावाच लागेल. टॉन्सिलवर राखाडी, घट्ट चिकटलेला पापुद्रा आणि सुजलेली मान असेल तर घटसर्प. तो पापुद्रा जरासुद्धा खरवडू नका. मुलाचा लसीकरणाचा कागद घेऊन निघा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसांपुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच वर्षांनंतर बूस्टर असतात, दहा आणि सोळा वर्षांना टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. हे पुढचे डोसच जास्त चुकतात.

टॉन्सिल काढावेत का, असं प्रत्येक आई विचारते. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा खरोखरचा टॉन्सिलायटिस झाला असेल, किंवा झोपेत श्वास अडत असेल, तर विचार करायचा. निव्वळ मोठे दिसतात म्हणून नाही.

आवाज बसला आणि तीन आठवड्यांत उतरला नाही, तर स्वरयंत्र दुर्बिणीने बघायलाच हवं. शिक्षिका, भाजीविक्रेते, कीर्तनकार यांच्या स्वरतंतूंवर ताणाच्या गाठी येतात. मौन, पाणी आणि आवाजाचं प्रशिक्षण यांनी त्या बहुधा जातात. कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, काहींच्या स्वरतंतूंना त्यानेही ताण पडतो. घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं पण जेवताना ते जाणवत नाही, सकाळी खाकरावं लागतं, असं असेल तर आम्लपित्त किंवा मनावरचा ताण पाहा. जेवतानाच अडकतं आणि वजन उतरतंय, ही गोष्ट अगदी वेगळी.

तंबाखूबद्दल थोडं स्पष्ट. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, खर्रा, मिश्री आणि चुना-तंबाखू घरोघर आहेत. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मावत नसतील, तिखट लागताच तोंड भाजत असेल, गाल आतून पांढरट आणि कडक लागत असतील, तर तोंडाची आतली त्वचा आखडते आहे. हा कर्करोगाआधीचा टप्पा असू शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतली न दुखणारी टणक गाठ, यातलं काही दिसलं तरी दाखवायला थांबू नका. मानेतल्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या, सोबत संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं, तर क्षयाची गंडमाळ. सुईने पेशी काढून तपासता येते.

आत गेलेल्या वस्तू

मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येतोय म्हणजे आत काहीतरी अडकलंय, असंच धरून चाला: स्पंज, मणी, खोडरबर. चिमट्याने ओढू नका, वस्तू मागे जाते. बटणासारखी चपटी बॅटरी नाकात, कानात किंवा घशात गेली तर तासांचा हिशेब असतो, ती आतली त्वचा जाळते. थेंब किंवा पाणी काही घालू नका. कानात जिवंत किडा वळवळत असेल तर मात्र कोमट खोबरेल तेलाचे थेंब घालून त्याला मारा, पडद्याला भोक नाही हे माहीत असेल तरच. हरभरा किंवा वाटाणा गेला असेल तर पाणी नको, तो फुगतो.

माशाचा काटा अडकला की कोकणात आणि गोव्यात कोरड्या भाताचा गोळा गिळायला देतात. काटा त्याने आणखी रुतू शकतो. बहुतेक काटे टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतात, दवाखान्यात ते लगेच निघतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नका. दाणे खाताना जोराचा ठसका लागला आणि मग सगळं शांत झालं, तरी ते मूल दाखवा, दाणा श्वासनळीत बसलेला असू शकतो. श्वास आत घेताना करकर आवाज, लाळ गळते आहे आणि मूल पुढे वाकून बसलंय, तर त्याला आडवं करू नका, घसा बघायला तोंड उघडायला लावू नका, आहे तसं मांडीवर बसवून न्या.

दाखवायला जाताना

चालू गोळ्यांची नावं, साखरेचा आणि रक्तदाबाचा शेवटचा आकडा, आधीची ऑडिओमेट्री किंवा स्कॅन, आणि तक्रार कोणत्या दिवशी सुरू झाली ते लिहून न्या. घोरण्याचा किंवा चकरेच्या वेळच्या डोळ्यांच्या हालचालीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ फार कामाला येतो. कान दाखवायचा असेल त्या सकाळी त्यात थेंब, तेल किंवा हळद घालू नका. तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी फोन करून विचारा. दुर्बिणीची तपासणी आणि ऑडिओमेट्री एकाच दिवशी होणार का, हेही त्याच फोनवर.